वाहू देणारी जाळी

माणसाच्या पायातल्या शिरेला आवाज असतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मनगटाची नाडी ठाऊक होती, छातीवर कान टेकला की ऐकू येणारे ठोके ठाऊक होते. पण ही हिरवट निळी शीर, हातापायांवरून मुकाट चढत जाणारी, तीही बोलत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. डॉप्लरच्या अंधाऱ्या खोलीत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आईच्या उजव्या मांडीवर गार जेल लावून डॉक्टरबाईंनी यंत्राचं टोक टेकवलं, एक कळ दाबली, आणि त्या बंद खोलीत वारा सुटला.

हो, वाराच. दुपार कलताना गुहागरच्या सुरूच्या बनात शिरतो तसा, समुद्रावरून येताना मोकळा आणि झाडांच्या सुयांमधून जाताना घोगरा झालेला. तो एकसुरी नव्हता. चढत होता, ओसरत होता, क्षणभर थांबतोय असं वाटेपर्यंत खाली बसत होता आणि पुन्हा उसळत होता. मी आईच्या छातीकडे पाहिलं तेव्हा कळलं, तो तिच्या श्वासाच्या लयीत चालला होता. तिनं श्वास आत घेतला की आवाज मंदावे, सोडला की भरून येई. डॉक्टरबाई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, श्वास घेतला की पडदा खाली येतो, पोटातला दाब वाढतो, पायाकडून येणारं रक्त जरा थबकतं. श्वास सोडला की वाट मोकळी होते आणि ते धावतं. मी ऐकत राहिले. आपण इतकी वर्षं श्वास घेतो तो छातीपुरता घेतो असं समजतो, आणि तिकडे मांडीतल्या शिरेलाही तो दर खेपेला कळत असतो.

मग त्यांनी ते टोक डाव्या मांडीवर ठेवलं. काही नाही. जागा बदलली, पुन्हा कळ दाबली, पोटरी हातानं दाबून पाहिली. उजवीकडे पोटरी दाबताच आवाजाचा एक लोंढा वर आला होता. इथं यंत्राची बारीक खरखर तेवढी. निरोगी शीर वरून दाबली की मिटते. ही मिटेना. आत काहीतरी बसलेलं होतं, आणि ते दाबाला दाद देत नव्हतं. आई छताकडे बघत पडली होती. तिनं विचारलं, "डावा पाय का बोलत नाही गं?"

आईचे पाय. त्यांच्याविषयी लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका होती. सकाळी आगरात पोफळींना पाणी सोडून, ओल्याच पायांनी चपला घालून ती शाळेला निघे आणि आम्ही दोघं भावंडं तिच्या मागे अक्षरशः पळत असू. फळ्यापुढे ती दिवसभर उभी. खुर्ची होती, पण तीवर बहुधा वह्यांचा गठ्ठा बसलेला असे. शनिवारी शाळा लवकर सुटली की कधीमधी ती आम्हाला सुरूच्या बनात न्यायची. वाळूवर सुयांचा जाड थर असायचा, त्यावर पाय पसरून बसायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "आता कुणी बोलायचं नाही." आम्ही बोलत नसू. वरून तो आवाज यायचा. तिच्या पायांना विश्रांती मिळायची ती तेवढीच, आणि तिलाही ते ठाऊक असावं, कारण ती मधूनच स्वतःच्या घोट्यांवरून हात फिरवायची, दिवसभर राबलेल्या गुराच्या पाठीवरून फिरवतात तितक्या मायेनं.

त्या पायांनी दगा दिला असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात मागच्या पडवीच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, ती घसरली, खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं ॲम्ब्युलन्समधून तिला पुण्याला आणलं तेव्हा सारा वेळ पाय हलणार नाही याची काळजी घ्यायची होती, आणि ती आम्ही डोळ्यांत तेल घालून घेतली. ऑपरेशन चांगलं झालं. टाके सुकत आले. आणि मग एका सकाळी स्पंजिंग करताना सिस्टर थांबल्या. डावी मांडी उजवीपेक्षा जाड दिसत होती, कातडी ताणलेली, चकचकीत, हाताला कोमट.

रक्त शिरेतच का गोठावं, याची तीन कारणं वैद्यकाची पुस्तकं विर्खोच्या नावानं सांगतात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं, आणि रक्तातच गोठण्याची ओढ वाढणं. आईच्या बाबतीत तिन्ही एका ओळीत येऊन उभी होती. पडून राहणं, मोडलेलं हाड, आणि जखम भरून काढायला धावलेलं तिचं स्वतःचं रक्त. या तिसऱ्याचं मला फार वाटतं. आयुष्यभर जिथं चिरलं, कापलं, खरचटलं, तिथं हेच गोठणं तिच्या मदतीला आलं होतं. विळीवर बोट कापलं की ती ते चिमटीत धरून कामाला लागायची. तेच रक्त आता नको तिथं मदतीला गेलं होतं.

बर्लिनच्या या रुडॉल्फ विर्खोनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शवविच्छेदन करताना ओळखलं की फुप्फुसात सापडणारी गुठळी मुळात फुप्फुसाची नसते. ती दूर कुठल्या शिरेत जन्मते, सुटते, आणि रक्ताबरोबर वाहत तिथवर येते. हे वाचल्यापासून मी तो रस्ता मनातल्या मनात किती वेळा चालले असेन. पोटरीतल्या शिरा मांडीच्या शिरेला मिळतात, दोन्ही बाजूंच्या शिरा ओटीपोटातून वर येऊन एक होतात, आणि तिथून सुमारे 2 सेंटीमीटर रुंदीची महाशिरा कण्याला लागून हृदयाकडे चढते. पायाकडून निघालं की वाट रुंदावतच जाते. सुटलेल्या गुठळीला अडवील असं वाटेत काहीच नाही. हृदयाची उजवी बाजू तिला पुढे ढकलते, आणि फुप्फुसात शिरल्यावर मात्र वाटा पुन्हा फुटत, अरुंद होत जातात. तिथं ती अडकते. जिथं रक्ताला श्वासाची भेट व्हायची, नेमकं तिथं.

"दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर बेल मारा. वाट बघू नका," असं सांगून सिस्टर रात्री दिवा मंद करून जायच्या. मी शेजारच्या बाकावर आडवी व्हायचे. झोपायचे म्हणत नाही. आईचा श्वास ऐकायचे. लहानपणी ती आमचा ऐकत असणार. ताप आला की तिचा हात रात्रभर पाठीवर असायचा. आता माझी पाळी होती, आणि मला हातही लावायची भीती वाटत होती, हाताच्या भारानं ते आत बसलेलं सुटलं तर. वेड्यासारखी भीती होती ती, मला कळत होतं. पण रात्री दोनला शहाणपण कुणाच्या उशाशी असतं? एखादा श्वास किंचित लांबला की मी उठून बसायचे. तो परत आला की आडवी व्हायचे. काचेपलीकडे रस्त्यावरचा दिवा, पलंगाखाली स्टीलचं भांडं, आणि ती लय. आत, बाहेर. आत, बाहेर.

पोटावर रोज हेपॅरिनची सुई चालू होती. हे औषध बसलेली गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही, बाकीचं झिजवण्याचं काम शरीर आपल्या गतीनं करत राहतं. ते तसं चाललंही असतं. पण चार-पाच दिवसांत आईला संडासला काळं झालं, हिमोग्लोबिन उतरलं, दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर, आणि त्यातून रक्त झिरपतंय. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी तो केला होता. रक्त पातळ ठेवावं तर पोटात वाहतं, गोठू द्यावं तर मांडीतलं वाढतं. सुई थांबवावी लागली. त्या दिवशी दुपारी मी कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी होते आणि खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, पुन्हा पुन्हा, आणि ती सुरू होत नव्हती. एवढंच आठवतं.

डॉक्टर संध्याकाळी आले, आईच्या पायाशी बसले. "आजी, पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची एक छोटी जाळी बसवू या. पायातून काही सुटलंच तर ती वरच्या वर धरेल."

"कायमची?"

"नाही. पोट बरं झालं, औषध पुन्हा सुरू करता आलं, की काढायची."

"मग काढायची तारीख सांगा."

ते जरा गडबडले. "तारीख आत्ता कशी सांगू, आजी? काही आठवडे धरा."

"अंदाजानं सांगा. मी लिहून ठेवते."

कॅथलॅबच्या काचेमागे मला उभं राहू दिलं, हे त्यांचे उपकार. आई जागीच होती. मानेची उजवी बाजू बेटाडिननं पिवळी केलेली, त्यावर हिरवं कापड, तेवढीच चौकोनी जागा उघडी. भूल त्या जागेपुरती. मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी खाली उतरली, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून सरळ पुढे, पोटात. डाय सोडला आणि पडद्यावर ती महाशिरा उमटली. आपल्या आईच्या आतली एक वाट, जिथून मी जन्मायच्या आधीपासून रक्त चढत होतं, ती मी अशी उभ्यानं पाहिली. डॉक्टरांचं बोट पडद्यावर दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरा येऊन मिळतात तिथं थांबलं. त्याच्या जरा खाली. नळी मागे ओढली तशी आत मिटून बसलेली जाळी मोकळी झाली आणि क्षणात पाय पसरून शिरेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. टोक हृदयाकडे, पाय पायांकडे. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, अंगाच्या उबेत आपला ठरलेला आकार आठवणारी तार. आईच्या अंगाची ऊब तिला ओळखीची असल्यागत ती उघडली. मी पाहिलं ते.

हे इतकं सोपं व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली आहेत. आधी शल्यविशारद ती महाशिराच बांधून टाकत. गुठळी थांबे, पण रक्तही थांबे. पाय सुजून येत. मग शिरेला बाहेरून चिमटे लावून पाहिले, टाके घालून आतली वाट बारीक करून पाहिली, पण त्यासाठी पोट उघडावं लागे, आणि ज्याला गुठळीचा धोका तो माणूस आधीच अशक्त. 1967 साली अमेरिकेत काझी मोबिन-उद्दीन यांनी मानेच्या शिरेतून आत नेता येणारी छत्री आणली. तिचं नावच छत्री: काड्या, आणि काड्यांवर सिलिकॉनचा भोकं पाडलेला पडदा. पोट न उघडता हे होतं, याचं किती अप्रूप वाटलं असेल! पण त्या छत्रीवर रक्त साकळायचं आणि पुष्कळदा महाशिरा बंदच पडायची.

ओक्लाहोमातले लाझार ग्रीनफिल्ड फुप्फुसातल्या गुठळीनं रुग्ण दगावताना पाहत होते. त्यांना साथीला भेटले गार्मन किमेल, तेलाच्या धंद्यातली यंत्रं घडवणारे अभियंता. पाइपलाइनमधला गाळ धरायचा, पण तेल थांबू द्यायचं नाही, हा त्यांचा रोजचा विचार. दोघांनी मिळून केलेली जाळी 1973 साली जगापुढे आली. पडदा नाही, नुसत्या तारा, आणि त्यांचा शंकू. गुठळी वाहत येते ती शंकूच्या निमुळत्या टोकाशी, मधोमध जमते. कडेनं रक्त चालूच राहतं, आणि ते वाहतं रक्तच अडकलेल्या गुठळीला हळूहळू झिजवत नेतं. शंकूची खोली 70 टक्के भरली तरी शिरेच्या आडव्या छेदातली 49 टक्केच वाट अडते. आईला हे मी पलंगाशी बसून वाचून दाखवलं, तर उशीवरचं डोकं न हलवता ती म्हणाली, "बरोबर आहे. सात साते एकोणपन्नास." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "तेलवाल्याला सुचलं बघ."

त्या रात्री मी झोपले. आईच्या श्वासाला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, गाढ.

जाळी काही बरं करत नाही. मांडीतली गुठळी तशीच होती, अल्सर तसाच होता. ती नुसती उभी राहते आणि बाकीच्यांना त्यांचं काम करायला वेळ देते. आणि ती उभी आहे तोवर तिचीही किंमत चुकती करावी लागते. 1998 मध्ये फ्रान्समधल्या 400 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना रक्त पातळ करण्याचं औषध होतं, निम्म्यांना कायमची जाळीही. जाळीवाल्यांच्या फुप्फुसात गुठळ्या कमी पोचल्या, पण दोन वर्षांत त्यांच्या पायांत पुन्हा गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं, आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. ज्याला औषध चालतं त्याला औषधच पुरेसं. जाळी आहे ती आईसारख्यांसाठी, ज्यांच्यासाठी ती वाटच काही काळ बंद झाली आहे. दिवस जातात तसे तारांचे पाय शिरेच्या भिंतीत रुततात, त्यांच्यावर पापुद्रा धरतो, कधी जाळी कलते, कधी एखादी तार मोडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2010 मध्ये डॉक्टरांना बजावलं की गरज संपली की जाळी काढा, आणि 2014 मध्ये सांगितलं की धोका टळला असेल तर 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान काढणं सर्वांत हिताचं दिसतं. तरीही जगभर कितीतरी जाळ्या आतच राहून जातात, कारण रुग्ण घरी जातो, चालू-फिरू लागतो, आणि सगळ्यांनाच ती विसरायला होते. हे मला साध्या निष्काळजीपणाहून वेगळं आणि अधिक दुःखाचं वाटतं. संकटाच्या घटकेला धावत जाऊन आणलेल्या गोष्टीकडे, संकट सरल्यावर कुणी मागे वळून बघू नये.

आमच्याकडे ती विसरली जाणार नव्हती. माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडर, दुधाचे खाडे आणि एकादशीचा उपास यांच्या रांगेत आईच्या ठसठशीत मास्तरीण अक्षरात लिहिलेलं होतं: जाळी. खाली दोन रेघा. वॉकर धरून ती रोज सकाळी ओट्यापर्यंत यायची, त्या चौकोनाकडे बघायची आणि मग चहा मागायची. अल्सर भरत आला. औषध पुन्हा सुरू झालं, आता गोळीच्या रूपात. पायाची सूज ओसरली. संध्याकाळी घोट्याशी जरा राहायची तेवढी.

ठरल्या दिवशी पुन्हा तीच काच, तोच मानेचा पिवळा चौकोन. आधी डाय सोडून जाळीत मोठं काही अडकलेलं नाही ना ते पाहिलं. मग वरून तारेचा एक फास उतरला, जाळीच्या टोकावरच्या इवल्या आकड्याभोवती फिरला, एकदा हुकला, दुसऱ्यांदा बसला. नळी तिच्यावर सरकली आणि पसरलेले पाय एकेक करून मिटत आत गेले.

डॉक्टरांनी ती स्टीलच्या ट्रेमध्ये गॉजवर ठेवून आईला दाखवली. तिनं चष्मा मागितला. बोटाच्या एका पेरात मावतील असे तारांचे शेंडे, प्रत्येकाच्या टोकाला भिंत धरून राहण्यासाठी नखाला जाणवेल न जाणवेल एवढा आकडा, आणि वर, शंकूच्या निमुळत्या टोकाशी, तारांच्या बेचक्यात काळसर तांबडं काहीतरी धरलेलं. तीळभर. मांडीतून सुटून आलेलं की तारेवरच जमलेलं, ते आता कोण सांगणार? मला त्याच्यावरून नजर काढवेना. आईनं मात्र त्याच्याकडे फार पाहिलं नाही. तिनं तारांचे पाय मोजले, पुन्हा मोजले, सगळे आले आहेत ना अशी डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आणि चष्मा माझ्या हातात दिला.

आता ती गुहागरला आहे. पडवीच्या पायरीला दादानं खडबडीत फरशी बसवून घेतली आहे. आई काठी घेऊन फाटकापर्यंत जाते, पायात पोटरीपासूनचा घट्ट मोजा, आणि गोळीची वेळ चुकत नाही.

मध्यंतरी कोल्हापूरच्या मामेभावाचा अपघात झाला. डोक्याला मार, आत थोडा रक्तस्राव, आणि पायात गुठळी. म्हणजे पुन्हा तीच कोंडी. त्यालाही जाळी बसवली. तो सावरला, घरी आला, फिजिओथेरपी सुरू झाली. मी तेव्हा गुहागरलाच होते. वहिनी फोनवर सगळं सांगत होती, तो आता जिना चढतो, भाकरी खातो, चिडचिडही करायला लागलाय, म्हणजे बराच झाला म्हणायचा. आईनं माझ्या हातातला फोन घेतला.

"जाळी कधी काढणार म्हणाले?"

पलीकडून काहीतरी गुळमुळीत उत्तर आलं असावं. आई भिंतीला टेकून उभी राहिली, काठी बगलेत धरली.

"तसं नाही चालायचं, बाळा. डिस्चार्जचा कागद कुठंय? काढ. मी थांबते फोनवर. आणि पेन घे."